घर्षण नगण्य माना

तीस वर्षं फळ्यावर उदाहरणं लिहिली आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तेच तीन शब्द: घर्षण नगण्य माना. मुलं मानायची. मीही मानायचो.

निवृत्तीनंतर शिरूरजवळ घोडनदीकाठी राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पाचची मोटर पाणीच फेकत नाही. साडेसातची घेऊ का?" म्हटलं, थांब, आधी मोजू.

मोजायचं काय, हाच तर प्रश्न. पुस्तकात 'दिलेले आहे' म्हणून सगळं तयार असतं. इथे विहिरीची खोलीसुद्धा त्याच्या वडिलांच्या 'परस' या जुन्या मापात होती आणि माझ्या मीटरशी तिचा मेळ बसेना. शेवटी दोरीला दगड बांधून सोडला. विहिरीतल्या पाण्यापासून वावरातल्या पाइपच्या तोंडापर्यंतची उंची भरली 18 मीटर. मग पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम ठेवला आणि मोबाइलवर वेळ लावली. 29 सेकंद, 31, पुन्हा 30. "नक्की किती धरायचं?" त्याने विचारलं. तीस धर, आणि एखादा सेकंद इकडेतिकडे.

हा एखादा सेकंद मी दौंडच्या गाडीत शिकलो. पुण्याहून येताना रुळाकडेच्या किलोमीटरच्या पाट्या बघत वेग काढायची मला जुनी खोड. दोन पाट्यांमध्ये 45 सेकंद गेले, तर 3600 भागिले 45, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. सेकंदाची चूक धरली तर 78 ते 82. एकदा शेजारच्या कॉलेजच्या पोराने कॅल्क्युलेटर काढून 79.64 सांगितलं. घड्याळ मनगटावरचं, पाटी खिडकीतून ओझरती दिसलेली, आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे! त्या पोराला मार्क देणारे आम्हीच, हेही खरं.

तर ड्रम. सेकंदाला साधारण 6.7 लिटर पाणी 18 मीटर वर चढतंय. 6.7 गुणिले 9.8 गुणिले 18, म्हणजे जेमतेम 1200 वॅट. एक हॉर्सपॉवर 746 वॅट, तेव्हा मोटर पाटीवर लिहिल्याप्रमाणे चालत असेल तर तिच्याकडून मिळतात 3730. म्हणजे तिसरा हिस्सा पिकाच्या कामी. काही पंपातच जाणार, ते चुकत नाही. पण बाकीचं?

पाइपलाइन होती अडीच इंची, तीनशे मीटर. त्यातून पाणी सेकंदाला दोन मीटरच्या वर धावत होतं. हिशोब केला तर पाइपाच्या आतल्या घासण्यातच आणखी वीसेक मीटर उंची चढवण्याइतकी ऊर्जा जात होती. म्हणजे विहिरीखाली दुसरी, न दिसणारी विहीर. बिल दोन्हींचं येत होतं आणि मी तीस वर्षं त्यातली एक नगण्य मानायला शिकवत होतो.

तेवढंच पाणी तीन इंची पाइपातून नेलं तर हे नुकसान दोन-पंचमांशावर येतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. त्याला घात वगैरे सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मोटर राहू दे, पाइप बदल."

वडिलांना पटेना. पाइपाचा खर्च डोळ्यांना दिसतो, घर्षण दिसत नाही. मग एकरावर एक इंच पाणी भरायचं गणित मांडलं. त्याला लागतं लाखभर लिटर, म्हणजे सध्या सव्वाचार तास. वीज रात्रीच्या पाळीची, कडेला ऊस आणि उसात बिबट्या. ड्रम 24 सेकंदांत भरायला लागला, तर पाऊण तासाहून जास्त आधी घरी. यावर म्हातारा काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात चारी उकरली गेली.

पाइप बदलल्यावर फोन आला. "सर, चोवीस सेकंद! पण आता पाणी पाटात मावत नाही, वाफे फुटतायत."

"पाटाला उतार किती आहे?"

"ते कसं मोजायचं?"

पारदर्शक नळी आणायला सांगितली, दहा मीटर.