ऐंशी किलोमीटर, सात वेळा खाणं

सायकलवरून लांब कुठे जाऊन आलं की ऑफिसातल्या, सोसायटीतल्या आणि लग्नात भेटणाऱ्या तमाम मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. पाय नाही दुखले? भीती नाही वाटली? आणि हे सगळं करायचंच होतं, तर गाडीनं का नाही गेलात? 'खाल्लं काय?' हा मुद्द्याचा प्रश्न कुणीच विचारत नाही! म्हणून न विचारता सांगतेय. लांब पल्ल्याची सायकल टूर म्हणजे दिवसभर खाणं. दोन खाण्यांच्या मधल्या वेळात पेडल मारायचं, एवढंच.

आमचा बेत होता पुणे ते नांदेड. आम्ही म्हणजे मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. ती हिंजवडीच्या एका कंपनीत एचआरला, मी फ्रीलान्सर. म्हणजे तिला सुट्टी मागावी लागते आणि मला ती परवडत नाही. दिवाळीचा फराळ संपला आणि आम्ही निघालो. पहिला मुक्काम अहिल्यानगर, दुसरा गेवराई. आता सांगतेय तो तिसरा दिवस. गेवराई, गढी, माजलगाव आणि रात्री पाथरी. किलोमीटर ऐंशीच्या आसपास.

खाणं नंबर एक : पहाटे साडेपाचला चहा, पार्ले-जी आणि दोन-दोन केळी. हे धरायचं की नाही यावर आमचा वाद आहे. मी धरते.

खाणं नंबर दोन मात्र निर्विवाद. गढीला सोलापूर-धुळे हायवे सोडून डावीकडे वळलं की माजलगावचा रस्ता लागतो. कल्याणहून माळशेज घाट चढून नांदेडमार्गे पार तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६१. वळणावरच्या टपरीत मोठ्या पातेल्यात काहीतरी पिवळंधमक दिसलं. पोहे? नाही, सुशीला! पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते, हा मराठवाड्याचा नाश्ता. मुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या खमंग फोडणीत टाकायचे, वरून डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर. पोटाला हलकं आणि चढावर न बोचणारं. हिला तर नाव ऐकूनच इतकं हसू आलं, की तिनं दोन प्लेट खाल्ल्या. टपरीवाले काका आमच्या सायकलींकडे बघत होते. "पैज लागलीय का काई?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा आमच्यातला इंटरेस्टच संपला.

इथून पुढचा रस्ता सायकलवाल्यांच्या लाडाचा. घाट नाही, नुसते लांबलचक चढ-उतार. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणीला वाकलेल्या बायका. मधेच तूर, मधेच नुकती पेरलेली ज्वारी. आणि मग एकदम हिरवागार ऊस. दुष्काळी बीड म्हणून वाचलेलं असतं ना, त्यामुळे हा हिरवा रंग आधी खोटाच वाटतो. पण त्यामागे पैठणचं पाणी आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्यानं ते माजलगावच्या धरणापर्यंत आणलंय. एका रसवंतीवर थांबून आम्ही या पाण्याला रसाच्या रूपात न्याय दिला. आलं-लिंबू मारके, दोन-दोन ग्लास. खाणं नंबर तीन.

नंबर चारवर मात्र थोडं थांबू या.

सकाळपासून समोरून ट्रॅक्टर येत होते. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्यात गाद्या, पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, शेळ्या, कोंबड्या आणि सगळ्याच्या वर बसलेली माणसं. उसाला निघालेल्या टोळ्या. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून लाखो माणसं अशी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आम्ही ज्या बाजूनं आलो होतो, त्याच बाजूला ती चालली होती.

माजलगावच्या अलीकडे अशीच एक ट्रॉली टायर बसल्यामुळे लिंबाखाली थांबलेली होती. मुकादम पंक्चरवाल्याला आणायला गेलेले. आम्हीही सावली बघून टेकलो. तिशीच्या आतबाहेरची, म्हणजे आमच्याच वयाची एक बाई धडपं सोडत होती. "या, खा दोन घास," ती म्हणाली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. भाकरी सकाळचीच असावी, अजून मऊ होती. आम्ही आमच्याकडची चिक्की आणि खजूर पुढे केले. पोरांनी ते दोन मिनिटांत संपवले.

"कुठं जायलाव?"

"नांदेडला."

"कामाला?"

"नाही, असंच. फिरायला."

तिनं सायकलीवरच्या बॅगा नीट पाहिल्या. मग अगदी सरळपणे विचारलं, "मंग उचल किती घेतलीय?"

उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. ती दिली जाते 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. घर सोडून इतक्या लांब, उन्हातान्हात, अंग मोडेपर्यंत कोण फुकट जाईल? तिच्या हिशेबात प्रश्न अगदी बरोबर होता.

मैत्रिणीनं सांगितलं, की कुणी पैसे दिलेले नाहीत, आम्ही सुट्टी टाकून आलोय. बाईनं लगेच विचारलं, "मंग खाड्याचे किती कापत्यात?"

आमच्या एचआर मॅडम, ज्या रोज अख्ख्या ऑफिसला लीव्ह पॉलिसी समजावून सांगतात, त्यांना हे उत्तर देताना शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली, "नाही कापत. सुट्टीचाही पगार मिळतो."

बाई काही बोलली नाही. तिनं अजून एक भाकरी मोडून आमच्या पुढ्यात ठेवली.

खाडा हा शब्द मी बातम्यांमध्ये वाचला होता. कामाचा एक दिवस बुडला की मजुरी जाते ती जाते, वर दंड पडतो. मग पाळीचे चार दिवस, अंगावरचं दुखणं, बाळंतपण, सगळंच महाग होतं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मी तो आकडा तेव्हा वाचला होता, त्यावर हळहळलेही होते. पण त्या आकड्याच्या मागचा हिशेब कुणी भाकरी देता देता समजावून सांगेल, असं वाटलं नव्हतं.

मुकादम आले, टायर निघाला आणि आम्हीही निघालो. "सावकास जा गं बायांनो," मागून आवाज आला.

माजलगावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. खाणं नंबर पाच : स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, वरण-भात. एरवी आम्ही प्लेटचा फोटो काढल्याशिवाय घास घेत नाही. त्या दिवशी दोघीही गप्प. मग मैत्रिणीनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तोवर दीड हजारांच्या वर कॅलरी जळाल्याचं ते अभिमानानं सांगत होतं. "तिच्या हातात हे बांधलं तर काय दाखवेल?" ती म्हणाली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं आणि मग ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. वर भाकऱ्याही तिनंच थापायच्या. मी उत्तर दिलं नाही. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलंय, असं दोघींनीही ठरवून टाकलं.

उन्हं कलल्यावर धरणावर गेलो. सिंदफणा नदीवरचं हे धरण. लांबवर नुसतं चमकणारं पाणी आणि वारा इतका, की सायकली आडव्या ठेवाव्या लागल्या. हीच सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीला मिळते. याच तालुक्यात गोदेच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. तिथे अधिक महिन्यात मोठी गर्दी होते आणि धोंड्यांचा नैवेद्य असतो. यादवराजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपटही पुरुषोत्तमपुरीचाच. आम्हाला अधिक महिना गाठता आला नाही, म्हणून धोंड्यांऐवजी मिरचीची भजी आणि चहा. नंबर सहा.

सूर्य मावळता मावळता ढालेगावच्या पुलावरून गोदावरी ओलांडली. अलीकडे बीड, पलीकडे परभणी. पाथरीला पोचलो तेव्हा पुरता अंधार झाला होता. नंबर सातला खिचडी-कढी, पापड आणि अर्थातच अजून खिचडी.

तुम्ही जाणार असाल तर थोडक्यात टिप्स. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. सहाच्या आत निघा, म्हणजे उन्हाच्या आधी अर्धं अंतर होतं. पाणी दोन बाटल्या, पंक्चरचं किट, समोर-मागे दिवे मस्ट. पोह्यांच्या शोधात सुशीला सोडू नका. खिशात चिक्की जास्तीची ठेवा, वाटेत पोरं भेटतात.

आणि कुणी उचल किती घेतली असं विचारलंच, तर हसण्यावारी नेऊ नका. खरं ते सांगा. आमच्या मैत्रिणीनं सांगितलं. सोमवारी ऑफिसला गेल्यावर पहिल्यांदा तिनं काय केलं माहितीये? हाउसकीपिंगच्या मावशींना सुट्टीचे पैसे मिळतात का, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये शोधलं.

नाही मिळत. तिची मेल गेलीय, उत्तराची वाट बघतोय.