पाणीमहालाचे मानकरी

मराठवाडा म्हटला, की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुष्काळच उभा राहतो. त्यातही धाराशिव जिल्हा म्हणजे तुळजापूरची भवानी आणि उन्हात तापलेली माळराने, एवढीच आपली माहिती. याच जिल्ह्यात एका बादशहाने पाण्याच्या पोटात महाल बांधला, असे सांगितले तर ऐकणारा हसतो. त्याने सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागावे. सुमारे पन्नास किलोमीटरांवर नळदुर्ग येते आणि ते हसू ओठांवरच विरते.

बोरी नदीच्या एका काठाला मुख्य किल्ला, दुसऱ्या काठाला रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला आणि दोहोंना जोडणारा भक्कम दगडी बंधारा. हा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली झाला. त्याच्या पोटातच पाणीमहालाच्या खोल्या आहेत. पावसाळ्यात बोरीला पूर आला, की बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात. लोकांनी त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ अशी नावे दिली आहेत. अरुंद पायऱ्यांनी उतरून महालाच्या सज्जात उभे राहावे. बाहेर पाण्याचा गडगडाट आणि आपल्या अंगावर नुसते तुषार! विजापूरच्या दरबाराला गाण्याबजावण्याची हौस होती, हे आपण ऐकून असतो. पण या बंधाऱ्याचे मोठेपण वेगळे आहे. किल्ल्यातल्या माणसांना पाणी देता देता त्याने मनालाही विसावा दिला. गरज आणि करमणूक यांच्यात त्या कारागिराने भिंत घातली नाही. एकाच भिंतीत दोन्ही बसवली.

बादशाही गेली. मोगल आले, मागून निजाम आला. १८५३ च्या तहाने हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर कारभारी म्हणून नळदुर्गला राहिला. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे आला. पुढे जिल्ह्याचे ठाणेही धाराशिवला हलले आणि नळदुर्ग मागे पडले. अशा मागे पडलेल्या गावातल्या राजवाड्यांचे काय होते, ते सांगायला नको. बाभळी माजतात, गुरे चरतात आणि चिरे नाहीसे होतात.

किल्ला राज्य सरकारच्या संरक्षणाखाली आहे. पण संरक्षणाची पाटी लावल्याने गवत उपटले जात नाही. म्हणून सरकारने स्मारकांच्या संगोपनाची एक योजना काढली आणि तिच्याखाली २०१४ साली सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे दहा वर्षांच्या कराराने किल्ल्याची देखभाल सोपवली. किल्ल्यात बाग फुलली, नौकाविहार सुरू झाला, पर्यटकांची रीघ लागली. आणि दाराशी तिकीट आले.

आपण शहरातली माणसे तिकिटाला नावे ठेवत नाही. स्वच्छता हवी, तर पैसे मोजले पाहिजेत, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. माळ्याचा पगार कुणीतरी द्यायचाच असतो. परंतु ज्या गावाच्या आज्या-पणज्यांनी या किल्ल्याच्या सावलीत गोवऱ्या थापल्या, त्या गावातल्या रोजंदारीवरच्या बाईने आपल्या चार पोरांना ‘नर-मादी’ कसे दाखवावेत? देखभाल हवी, हे खरे. आपलेपणा हवा, हेही तितकेच खरे. पडका पण आपला किल्ला आणि नीटनेटका पण परका किल्ला, यांतून एकच निवडायची वेळ गावावर का यावी?

यात नगरपरिषदेचे स्थान काय? १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेची कर्तव्ये दोन पंक्तींत बसवली. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी ही आवश्यक; बागा, वाचनालये, संग्रहालये ही ऐच्छिक. ऐच्छिकाच्या पंगतीला बसलेल्याच्या पानात काय पडते, हे लहान गावांचे अंदाजपत्रक पाहिले की कळते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक उन्नती हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या कामांच्या यादीत घातले. पण यादीत नाव आले म्हणून तिजोरीत पैसा येत नाही.

तरीही उत्तर शोधायला मुंबईला जायचे कारण नाही. नळदुर्गाजवळच अणदूर आहे. या दोन गावांत खंडोबाची देवळे दोन, पण देवाची मूर्ती एक! ती सव्वादहा महिने अणदुरात असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात आणि ठरल्या दिवशी देव वाजतगाजत मुक्काम हलवतो. एक वस्तू, दोन हक्कदार आणि सर्वांसमक्ष झालेला करार. एवढ्यावर हा व्यवहार चालतो. कुणाचा देव हिरावला जात नाही, आणि कुणी त्याला वाऱ्यावरही सोडत नाही.

किल्ल्याच्या कराराला हाच शहाणपणा का लावू नये? देखभाल कुणीही करो. पण कराराची कलमे गावाला वाचून दाखवावीत, वर्षाचा हिशेब नगरपरिषदेच्या सभेत मांडावा आणि पाऊसकाळातले काही दिवस गावच्या लेकरांना दार बिनतिकीट उघडावे. या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. गावाला मानकरी मानण्याची तयारी तेवढी लागते. आणि हे नळदुर्गापुरते नाही. वाचकहो, आपल्या पेठेतली बाग, आपल्या गावचे नाट्यगृह कुणाच्या ताब्यात आणि कोणत्या अटींवर आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?