पंधरा वर्षांची लाईट बिलं

बोईसरला राहायला म्हणून कोणी येत नाही. कामाला येतात, राहणं मागाहून होतं. सातारा जिल्ह्यातून मी तारापूरच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून आलो, तेव्हा वर्ष-दोन वर्षं अनुभव घ्यायचा आणि मुंबईकडे सरकायचं असा बेत होता. तो नेमका कधी मोडला? बोंबलाच्या वासाने तोंड फिरवणारा मी सातपाटीच्या कोळणीशी सुकटीच्या वाट्यावरून घासाघीस करू लागलो तेव्हा? की वारा फिरला की आज कुठल्या बाजूच्या कारखान्यांचा वास येतोय, हे झोपेतही ओळखू लागलो तेव्हा? पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी समुद्राकडून स्वच्छ वारा यायचा आणि छातीला एकदम आठवायचं, की हवा अशीही असते. अशा संध्याकाळीच बहुधा माणूस गावाला चिकटत असावा.

सरकारला मात्र तारीख लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचं दाखवा, मग अधिवासाचा दाखला. कागदावर त्याचं नाव भारदस्त आहे, ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. आमच्याकडे त्याला सगळे डोमासाईल म्हणतात. रिक्षाच्या परमिटला तो लागतो, कॉलेजच्या प्रवेशाला लागतो. मला तो विनासायास मिळाला. जन्म राज्यातला, शाळा सोडल्याचा दाखला राज्यातला. बोईसरात मी कसे दिवस काढले याची चौकशी कोणी केली नाही. मी इथे राहिलोच नसतो तरी चाललं असतं.

आमच्या मागच्या चाळीतल्या भाभी जौनपूरकडच्या. लग्न होऊन आल्या त्या थेट या खोलीत. नवरा लूमवर, लूम तोच, ठेकेदार दर दोन-चार वर्षांनी नवा. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना निघाली आणि डोमासाईलसाठी राज्यभर बायकांच्या रांगा लागल्या. पालघरच्या तहसील कचेरीकडे जाणाऱ्या एसटीत बसायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत सरकारने अट सैल केली: पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, यातलं काहीही चालेल. भाभींचं रेशनकार्ड उशिरा झालेलं, मतदारयादीत नाव त्याहून उशिरा आलेलं, आणि जन्म-शाळा दोन्ही जौनपूरला. त्या प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. अर्ज भरायला लोक माझ्याकडे येतात. केमिस्टचं अक्षर बरं असतं असा इथे एक गैरसमज आहे.

पिशवी मी कॉटवर पालथी केली. मुलांच्या डोसाची कार्डं, गॅसच्या पावत्या, सरकारी दवाखान्याचे केसपेपर, पोस्टाचं एक पासबुक. भाड्याची पावती एकही नाही, कारण भाडं रोख. लाईट बिलं नाहीत, कारण मीटर मालकाच्या नावावर. मालकाकडे गेलो तर तो हसून म्हणाला, “काका, लिहून दिलं आणि उद्या खोलीवर हक्क सांगितला तर?” त्याच्या भीतीत तथ्य नाही असं म्हणवत नाही. पण पाण्याचा टँकर कधी येतो, कुठल्या गल्लीत पहिल्या पावसात गटार तुंबतं, कुठल्या भोंग्याला कुठली शिफ्ट सुटते, हे ज्या बाईला घड्याळ न बघता कळतं, तिने इथे राहिल्याचा कागद मात्र नाही. गावाशी ज्याचा संबंध भाड्याचा, रोखीचा आणि ठेक्याचा, तो कितीही वर्षं राहिला तरी मागे कागद पडत नाही. कागद मालकीच्या मागे पडतो.

हे सगळं मी लेकीला फोनवर सांगत होतो. ती तोक्योत असते, एदोगावा भागातल्या निशिकासाईला. तिथे आपली माणसं इतकी, की अंबरनाथहून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली त्या भागाच्या सभेवर निवडून आले. ती म्हणाली, “बाबा, मीसुद्धा तेच करतेय.” तिने पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज केला होता. शिनागावा स्टेशनातून बस पकडायची, इमिग्रेशनच्या इमारतीत नंबर घ्यायचा आणि हातात फाईल धरून बसायचं. जपानमध्ये सर्वसाधारण नियम दहा वर्षांचा, त्यातली पाच नोकरीच्या व्हिसावरची. कर, पेन्शन, आरोग्यविमा भरला आहे एवढं पुरत नाही. वेळेवर भरला का, हे पाहतात. एक जामीनही लागतो, तो जपानी नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असावा लागतो. हे कळल्यावर मला तिच्या आईच्या आजारपणातली तिची खेप आठवली. ती गडबडीने परत गेली होती आणि मी मनात नोकरीला शिव्या दिल्या होत्या. फार दिवस देशाबाहेर काढले तर वास्तव्य सलग नव्हतं असं धरलं जाऊ शकतं, हे तिने तेव्हा सांगितलं नव्हतं. आईच्या उशाशी बसून ती दिवस मोजत होती.

त्या अर्जासोबत एक पत्रही द्यावं लागतं: तुम्हाला इथे कायमचं का राहायचं आहे? तिने मला विचारलं, काय लिहू. मी सुचवलं, नोकरी चांगली आहे, देश शिस्तीचा आहे, असं काहीतरी. “ते सगळेच लिहितात,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रात्रभर तो प्रश्न माझ्याच मागे लागला. मला कोणी विचारलं असतं, बोईसरात का राहायचंय, तर? इथली हवा चांगली असं लिहिलं तर खोटं ठरेल. गाड्या चांगल्या म्हणावं तर 2013 च्या एप्रिलपर्यंत लोकलसुद्धा विरारच्या पुढे येत नव्हती. राहण्याचं कारण राहूनच तयार होतं. अर्जाच्या तारखेला ते सांगायला गेलं की सगळी कारणं तोकडी पडतात.

आणि पुरेपूर पुरावा असूनही काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. बोईसरहून तारापूरच्या रस्त्याने निघालं की पुढे अणुशक्ती केंद्र. पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासून वीज देऊ लागल्या. पुढे तिसरी आणि चौथी बांधायची ठरली आणि अक्करपट्टी, पोफरण ही दोन गावं उठवली गेली. तिथल्या लोकांकडे सातबारे होते, घरपट्टीच्या पावत्या होत्या, पिढ्यान् पिढ्यांची नावं होती. पंधरा वर्षं कोणी विचारली असती तर त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली असती. चौथी भट्टी 2005 ला आणि तिसरी 2006 ला सुरू झाली; पुनर्वसनाचं भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. नव्या वसाहतींनाही जुन्याच गावांची नावं दिली आहेत. त्या बाजूने जाताना पाटी दिसली की मला आजही नीट वाचवत नाही.

याच जिल्ह्यात एक कायदा मात्र निराळ्या कानाने ऐकतो. माझ्या हाताखालचा एक ऑपरेटर विक्रमगडकडचा वारली. त्याच्या वडिलांनी वनहक्काचा दावा केला तेव्हा त्याने रजा घेतली होती. 2006 चा हा कायदा आदिवासींना विचारतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कसता का? इतर वननिवासींना तर तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवावी लागतात. पण पुरावा म्हणून काय चालतं, ते वाचून मी नियमांचं पान दोनदा उलटलं. घर चालतं, घातलेला बांध चालतो, सपाट केलेलं शेत चालतं. गावाच्या सामूहिक हक्काला स्मशान चालतं, देवाचं झाड चालतं. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याने सांगितलेलं, कागदावर उतरवून घेतलेलं, तेही चालतं. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. दावे तरीही नामंजूर होतात, फायली वर्षानुवर्षं फिरतात, हे तो ऑपरेटरच सांगायचा. कायद्याचं गुणगान करायचं कारण नाही. तरी माणूस राहिला हे शेजाऱ्याला ठाऊक असतं, एवढं तरी कोणीतरी एकदा छापलं.

त्या जोरावर मी भाभींबरोबर सेतूत गेलो. मी यांना इतकी वर्षं ओळखतो, लिहून देतो, सही करतो, असं सांगितलं. खिडकीतला मुलगा सभ्य होता. “काका, तुमचं नाही चालत. लाईट बिल असेल तर बघा.”

शेवटी उपयोगी पडली शाळा. भाभींच्या थोरल्याला पहिलीत घातलं ते 2008 साली, आणि मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरचा उतारा काढून दिला. त्यात पालकाचं नाव, व्यवसाय, पत्ता: मुक्काम बोईसर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला हे खिडकीतल्या मुलाला माहीत होतं, तेव्हा ठाण्याचा प्रश्न आला नाही. उतारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून आधी त्याचा अर्ज आणि मग त्याच्या आधारावर भाभींचा, असं ठरलं. नवऱ्याला त्यासाठी एक खाडा करावा लागणार होता. ठेकेदार कुरकुरला, पण सोडलं.

लेकीचा निकाल अजून यायचा आहे. तिकडे त्याला महिनोन् महिने लागतात. पत्रात तिने काय लिहिलं ते विचारलं, तर सांगत नाही. भाभींची धाकटी जाऊ आता गावाहून आली आहे, पास्थळला खोली घेतली आहे. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं, जो कागद हातात येईल तो जपून ठेव, आणि भाड्याची पावती मागून घे. ती हो म्हणाली. पावती मालक देत नाही, आणि मीटर अर्थातच त्याच्या नावावर आहे.