वातींच्या डब्यातल्या गोळ्या

नवरात्राची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरातला एकही डबा सुटत नाही. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी देवघराचा खण रिकामा करत होते. अष्टगंध, कापूर, जुनी पंचांगं निघाली. वातींचा पितळी डबा घासायला म्हणून उघडला, तर फुलवातींच्या तळाशी कागदाची एक पुरचुंडी. सोडून बघते तर आत गोळ्या! मोजल्या. नऊ भरल्या.

क्षणभर काही उमगेना. मग एकदम लक्षात आलं. दर सोमवारी सकाळी मी सासूबाईंच्या तळहातावर ठेवत होते त्याच या गोळ्या, हाडांच्या. आठवड्याला एक घ्यायची. नऊ गोळ्या म्हणजे नऊ सोमवार.

मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढा खर्च, पुण्याच्या फेऱ्या, रजा, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण रागाच्या मागे भीती होती, हे आता कबूल करते.

त्याचं असं झालं. पावसाळ्याच्या तोंडाला मागच्या अंगणात सासूबाईंचा पाय घसरला. पडणं ते काय, अगदी साधं. हात टेकून त्या आपल्या आपण उठल्यासुद्धा. पण संध्याकाळपर्यंत मनगट टम्म सुजलं आणि फोटोत हाड मोडलेलं निघालं. ‘एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हणजे हाडंच तपासायला हवीत,’ असं आमच्या इथले डॉक्टर म्हणाले. मग शिरवळहून नीरेचा पूल ओलांडून पुणं गाठलं. डेक्सा म्हणतात ती तपासणी केली. त्यात काहीच त्रास नाही, नुसतं पलंगावर पडून राहायचं. तरुण वयातल्या भरल्या हाडांशी तुलना करून एक आकडा देतात. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला तर हाडं ठिसूळ झाली असं समजायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवलं. आमच्या सासूबाईंचा आकडा आला उणे तीन.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर झिजतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि घरात घडणं वेगळं. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. आमच्या घरात ते कुणी विसरलेलं नाही. त्यामुळं डॉक्टरांनी आठवड्याची गोळी, रोजचं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं, तेव्हा मी ते वेळापत्रकासारखं पाठ केलं. शिकवायची सवय ना!

सोमवार मीच ठरवला. सासूबाईंचा तो उपासाचा वार, म्हणजे विसरायला नको. चिठ्ठीवर ‘सकाळी रिकाम्या पोटी’ असं लिहिलं होतं. मला सातच्या शाळेला पळायचं असायचं. पावणेसहाला मी एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन जायची. ‘आई, गोळी घ्या,’ म्हणायचं आणि डबे भरायला धावायचं. त्या दोन घोट चहाबरोबर गोळी गिळायच्या आणि पुन्हा जरा लवंडायच्या.

तुम्ही म्हणाल, चहा घेतल्यावर पोट रिकामं कसं? पण मैत्रिणींनो, आपल्याकडं चहानं उपास मोडत नाही, मग रिकामं पोट कसं मोडेल? मला तरी तेव्हा त्यात काही चूक दिसली नाही.

पुरचुंडी घेऊन मी तरातरा त्यांच्यापुढं गेले. वर्गात कॉपी पकडल्यावर येतो, तसाच आवाज लागला माझा. ‘आई, हे काय?’

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, ‘ती गोळी मला सोसत नाही.’

‘मग सांगायचं नाही का?’

‘कुणाला सांगू? तू सोमवारी गोळी द्यायचीस आणि पळायचीस. घेतली का, एवढंच विचारायचीस. घेतल्यावर काय होतंय, हे कधी विचारलंस?’

मला खाली बसावंच लागलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौथ्या-पाचव्या गोळीनंतर त्यांच्या छातीच्या मधोमध आग व्हायला लागली. घास गिळताना आत काहीतरी अडकल्यासारखं दुखायचं. एका रात्री तर हृदयाचाच झटका आला असं वाटून त्या देवाचं नाव घेत बसून राहिल्या. ‘आधीच हाताच्या पायी तुम्हा सगळ्यांना ताप झाला. त्यात आणखी कुठं भर घालू?’ म्हणून गप्प राहिल्या. गोळी टाकून द्यायचीही छाती होईना, पैशाची वस्तू! म्हणून देवाजवळ ठेवली.

मग आठवलं. गेले दोन महिने त्या भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. मी समजत होते, दातांमुळं. रोज पुढ्यात ताट वाढणारी मी, आणि मला दिसलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही पुण्याच्या डॉक्टरांकडं गेलो. मी मान खाली घालूनच सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, ‘गोळी कशी घेत होत्या?’ चहा आणि लवंडणं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला नाही, ही त्यांची मेहरबानी. दुर्बिणीनं तपासल्यावर अन्ननलिकेच्या खालच्या भागात व्रण दिसला. गोळ्या थांबून नऊ आठवडे झाले होते, तरी तो पुरता भरला नव्हता.

मग त्यांनी नीट समजावलं. ॲलेंड्रोनेट जातीची ही गोळी पोटात उतरली तर ठीक, पण अन्ननलिकेला चिकटून राहिली तर तिथलं अस्तर सोलवटून काढते. म्हणून ती उठल्या उठल्या, काहीही खाण्यापिण्याच्या आधी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. चघळायची नाही, चोखायची नाही. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बसा, उभं राहा, अंगणात फेऱ्या मारा. त्या अर्ध्या तासात पाण्याशिवाय पोटात काही नको. चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी तर मुळीच नको, कारण मग हाडांचं औषध अंगी लागतच नाही. म्हणजे चहानं दुहेरी नुकसान होत होतं. औषध धड लागू पडत नव्हतं आणि त्रास मात्र पुरता होत होता.

मागाहून मी याबद्दल वाचलं. ही गोळी अमेरिकेत १९९५ साली मान्य झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तिच्यामुळं अन्ननलिकेला इजा झालेल्या रुग्णांची हकीकत छापली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाणी कमी घेतलं होतं किंवा गोळी घेऊन लगेच पाठ टेकली होती. वाचून मला जरा धीर आला आणि लाजही वाटली. जगाला इतकी वर्षं ठाऊक असलेली गोष्ट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नव्हती, कारण आम्ही विचारलीच नव्हती.

डॉक्टर सासूबाईंकडं वळून म्हणाले, ‘आजी, गोळी बंद केलीत ते बरोबरच केलंत. छातीत आग झाली, गिळताना दुखलं, तर थांबायचंच. चुकलं एवढंच, की आम्हांला कळवलं नाहीत. गोळी डब्यात गेली, पण हाडं तशीच राहिली ना!’ मी सोडून दुसऱ्या कुणी तरी आपली बाजू घेतली, याचं सासूबाईंना केवढं समाधान!

व्रण भरायला औषध दिलं. पुन्हा तीच गोळी नको, असं ठरलं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन त्यांना सुचवलं. त्याआधी मूत्रपिंड नीट चालतं का, रक्तात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं आहे का, हे तपासलं. दातही दाखवून घेतले. शेजारच्या काकूंनी ‘त्या औषधानं जबडा सडतो म्हणे’ असं घाबरवलं होतंच. मी यावेळी गप्प न बसता विचारलं. तसं होतं, पण अगदी क्वचित. म्हणूनच हलणारा दात काढायचा असेल तर आधी काढून घ्यावा आणि पुढं दातांच्या डॉक्टरांना या औषधाचं नाव सांगावं. बरीच वर्षं ही औषधं घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत नव्यानं दुखू लागलं, तर ‘वयामुळं असेल’ म्हणून सोडून देऊ नये, हेही कळलं. आणि ती जन्मभर घ्यायची असतातच असं नाही. तीन ते पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा विचार करतात.

त्यांनी आणखी एक सांगून ठेवलं. ‘पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप येईल, अंग मोडून येईल. घाबरू नका. भरपूर पाणी प्या आणि पॅरासिटामॉल घ्या.’

आणि तसंच झालं. दिवाळीनंतर सलाइन दिलं. त्या रात्रीच ताप चढला. सांधे असे धरले, की सासूबाईंना चिकुनगुनियाची आठवण झाली. मी शाळेतून दोन दिवस सुट्टी घेतली होती. हे रात्री उठून त्यांना पाणी देत होते. पण गंमत बघा, या खेपेला त्रास पहिल्यापेक्षा जास्त होता आणि त्यांची तक्रार मात्र कमी! तापातच म्हणाल्या, ‘अगं, हा सांगून आलेला पाहुणा. दोन दिवस राहील आणि जाईल. तो आधीचा मेला न सांगता आला होता, म्हणून भ्यायले.’ तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनी तिखटजाळ पिठलं मागितलं. भाकरी कुस्करून नव्हे, मोडून खाल्ली. मी ताटाकडं बघत राहिले.

माझ्या मनात राहिलं ते एवढंच. औषधाचा त्रास असतोच, थोडा कमी, थोडा जास्त. पण काय होणार, कशानं होणार आणि झालं तर कुणाला सांगायचं, हे माहीत असलं की म्हातारं माणूस तो सोसतं. माहीत नसलं की भितं, आणि भ्यालेलं माणूस लपवतं. आपण सुना-लेकी वेळेवर गोळी हातावर ठेवली की कर्तव्य झालं, असं समजतो. ‘घेतली का?’ याच्या पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आता आमच्याकडं हा पुढचा प्रश्न रोज विचारला जातो. त्यातून बारीकसारीक बरंच कळलं. कॅल्शियमच्या गोळीनं त्यांचं पोट साफ होत नव्हतं. ती आता जेवणाबरोबर देते, पाणी वाढवलं, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी आहेच. ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी आठवड्यातून एकदाच, हे कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. आमच्या ओळखीतल्या एका बाई ती रोजची समजून घेत सुटल्या आणि उलट्यांनी बेजार झाल्या. जास्त झालं तर तेही अंगावर येतं. आणि तुमच्या घरी सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर त्याची तारीख मात्र चुकवू नका. ते मधेच सोडलं तर मणके एकाएकी खचू शकतात. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. अर्थात ही आमच्या घरची हकीकत आहे. कुणाला कोणतं औषध सोसेल, ते त्या त्या माणसाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

यंदा ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला मी शाळेतल्या मुलींबरोबर नायगावला गेले. सावित्रीबाईंचं जन्मगाव आमच्याच तालुक्यात, अगदी जवळ. सासूबाई म्हणाल्या, ‘मी पण येते.’ पडल्यापासून गर्दीत जायचं त्यांनी सोडलं होतं. त्या दिवशी माझा हात धरून, पायाखाली बघत, स्मारकापर्यंत चालत गेल्या. मुलींना म्हणाल्या, ‘पोरींनो, आत्तापासून दूध-नाचणी खा, उन्हात खेळा. हाडं तरुणपणीच भरतात.’ माझंच वाक्य माझ्यासमोर स्वतःचं म्हणून ठोकून दिलं!

घरी परतल्यावर माझं डोकं ठणकत होतं. नेहमीप्रमाणं कपाटातली गोळी काढली आणि कुणाला दिसणार नाही अशी गिळायला गेले. मागून आवाज आला, ‘कसली गं ती गोळी? किती दिवस घेतेयस?’

मी म्हटलं, ‘काही नाही आई, जरा डोकं...’

‘जरा नाही. बस इथं आणि नीट सांग,’ म्हणाल्या.

मी बसले, आणि सगळं सांगितलं.