दोन डोळे, एक लक्ष

डोळे दोन असताना आपणांस चित्र एकच का दिसते, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून मोहवीत आला आहे. १५९३ साली इटलीतील विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी प्रत्येक डोळ्यापुढे निराळे पुस्तक धरल्याचे लिहून ठेवले आहे. दोन्ही पुस्तके एकदम वाचता येईनात. लक्ष वळवावे, त्याचीच अक्षरे दिसत. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांना आढळले की, एका डोळ्यापुढील रेषा मोजत राहिल्यास ते चित्र अधिक काळ टिकते. अर्थात, डोळ्यांपुढे असते ते सारेच आपल्या ध्यानी येते असे नाही.

उतारवयात हे विसरू नये. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत असला, तरी मेंदू चांगल्या डोळ्याचेच चित्र पुढे ठेवतो आणि दोष लपून राहतो. म्हणून रक्तदाब तपासून घेण्यास आलेल्या ज्येष्ठांना मी एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावयास सांगतो. ‘अहो डॉक्टर, या डोळ्यानं तर अंधूकच दिसतंय!’ हे उद्गार मला नवे नाहीत.

आपणही महिन्यातून एकदा चष्मा लावून, डोळा न दाबता, असे पाहावे. आजीआजोबांची परीक्षा घरच्यांनी घ्यावी. अक्षरे पुसट वा दाराची चौकट वाकडी दिसल्यास नेत्रतज्ज्ञांस दाखवावे. अचानक दिसेनासे झाले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. चांगला डोळा सोबतीची उणीव झाकतो. ती शोधण्यासाठी लक्ष आपणच द्यावे लागते.