शेवटचे सव्वाशे किलोमीटर

लांबच्या सोलो ट्रिपमध्ये शेवटचा दिवस सगळ्यात फसवा असतो. पहिल्या दिवशी आपण चेन, ब्रेक, टायरची हवा दोनदा तपासतो. शेवटच्या दिवशी गाडी अजून घाटात असते आणि मन मात्र घरी पोचून, हातपाय धुऊन, ताटावर बसलेलं असतं. वळणावर जिथे तिसरा गिअर हवा तिथे चौथा राहतो. ट्रकच्या मागे जिथे दोन मिनिटं थांबायचं तिथे हात ॲक्सिलरेटरवर जातो. म्हणून मी एक नियम ठेवलाय. शेवटच्या दिवसाचं अंतर रोजच्यापेक्षा कमी ठेवायचं आणि तो दिवस पूर्ण द्यायचा.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून निघालो. जळगाव, बुऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, नर्मदापुरम, पचमढी असं सातपुड्याच्या कडेकडेने फिरत दहा दिवस झाले होते. शेवटचा मुक्काम तामियाला. तिथून छिंदवाडा आणि सौसर करत बोरगावला घरी, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर. एक्सप्रेस वेवर हे अंतर दीड तासाचं. मी त्याला सकाळ ते संध्याकाळ असा वेळ दिला होता.

वेळ हवा होता त्याला आणखी एक कारण होतं. घरी पोचल्यावर मला आईबाबांशी एक विषय काढायचा होता. गेल्या वर्षी बाबांना स्टेंट बसवावा लागला, नागपूरला. तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत शेजारच्या काकांनीच सगळं धावपळ करून निभावलं. त्यानंतर बायकोचं आणि माझं ठरलं की दोघांना आता पुण्याला आणायचं. फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी केली. फोनवर बाबा प्रत्येक वेळी “पाहू” म्हणायचे. या वेळी समोर बसून ‘हो’ घ्यायचं, असं ठरवून मी निघालो होतो.

तामियाची सकाळ थंडीची होती. खाली पातालकोटच्या दरीत ढग साचले होते. त्या खोलात भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत, वरून काहीच दिसत नव्हती. चहाच्या टपरीवर हातमोजे काढायलाही जीव होईना. टपरीवाला म्हणाला, “नागपूरवाले हो? महादेव से आ रहे हो?” मला गंमत वाटली, पण प्रश्न बरोबर होता. विदर्भातले लोक पचमढीच्या महादेवाला मोठा महादेव म्हणतात. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जातात. त्यातले असंख्य लोक याच बाजूने येतात आणि जातात. माझे आजोबा तरुणपणी चालत गेले होते, असं आजी सांगायची. मी ज्याला ‘राइड’ म्हणत होतो, ती आमच्या मुलखातल्या लोकांची जुनी वाट होती.

तामियाहून परासियाकडे उतरलो. इथे पेंच खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी. रस्त्यावर कोळशाची काळी धूळ, त्यावर दवाचा ओलावा, म्हणजे दुचाकीसाठी साबणच. तीसच्या पुढे गेलो नाही. परासियात गरम पोहे-जिलेबी खाल्ली आणि छिंदवाडा गाठलं. या शहराचं नाव ‘छिंद’ या झाडावरून पडलं असं सांगतात. छिंद म्हणजे आपली शिंदी. एकच झाड, घाटाच्या वर छिंद आणि खाली शिंदी.

छिंदवाड्याचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. नागपूरचं मैदान त्याच्या निम्म्या उंचीवर. दोघांमधली पायरी म्हणजे सिल्लेवानी घाट. उमरानाला गेलं की सागाचं जंगल सुरू होतं आणि रस्ता वळायला लागतो. घाट उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही, गिअर खाली घ्यायचा आणि इंजिनाला गाडी आवरू द्यायची, हे मला बाबांनी शिकवलेलं. त्यांच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर, याच घाटात. तेव्हा मी बीईच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला वाटायचं, मला सगळं येतं.

रस्त्याच्या जोडीने रेल्वेही याच डोंगरातून उतरते. आमच्या लहानपणी ती ‘छोटी लाईन’ होती, नॅरोगेज. भंडारकुंड ते भिमालगोंदीच्या घाटात गाडी इतकी हळू व्हायची की मुलं दारात बसून झाडांची पानं धरायची. 2015 च्या शेवटी ती बंद झाली आणि पुढे काही वर्षांनी त्याच मार्गावर ब्रॉडगेज धावू लागली. नागपूर जवळ आलं, हे खरं. पण छोट्या लाईनच्या डब्यातल्या टोपल्या, चिवड्याच्या पुड्या आणि अर्धी हिंदी अर्धी मराठी भांडणं ब्रॉडगेजवर बसली नाहीत.

घाट संपला की रामाकोना. इथे जमिनीचा रंग बदलतो, काळी कपाशीची माती सुरू होते. कन्हान नदी इथूनच पुढे महाराष्ट्रात जाते, कामठीला पोचते आणि नागपूरची तहान भागवते. मी एका हॉटेलपाशी थांबलो. आलूबोंडा मागवला, वर तर्री. परासियातल्या जिलेबीपासून तासाभराच्या रस्त्यात जीभ पोळणाऱ्या तर्रीपर्यंत आलो होतो. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी गाडीवरच्या बॅगा निरखल्या.

“कुठून येऊन राहिला बाबू?”

“पुण्याहून.”

“एकटाच? बाप्पा! आन् जायाचं कुठी?”

“बोरगावले.”

तोंडातून ‘बोरगावला’ निघालंच नाही. दहा दिवस हिंदी बोलत होतो, त्याआधी कित्येक महिने ऑफिसचं इंग्रजी आणि सोसायटीतलं पुणेरी मराठी. ते सगळं बाजूला सरून हे आपोआप वर आलं. म्हातारे बाबा हसले.

“मंग तं घरीच आला ना तू.”

बोरगाव अजून अर्ध्या-पाऊण तासावर होतं. महाराष्ट्राची हद्द तर त्याच्याही पुढे. तरी त्यांचं म्हणणं खरं होतं.

आपल्या मंडळातल्या मुलांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आपण राहतो मध्य प्रदेशात, मग आपण मराठी कसे? माझ्या मुलीने शाळेचा फॉर्म भरताना हेच विचारलं होतं. इंदूर, ग्वाल्हेरच्या घरांमध्ये उत्तर सोपं असतं, पूर्वज सरदारांबरोबर आले. सौसर-पांढुर्ण्याच्या लोकांचं तसं नाही. आम्ही कुठून आलो नाही, आम्ही होतो तिथेच आहोत, हद्द आमच्या जवळून गेली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. आजोबांसाठी बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं नागपूरकडेच होतं, ते तसंच राहिलं. मधे फक्त एक पाटी आली. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आणखी एक पाटी बदलली. त्याहीमागे गेलो तर नागपूर वसवणारा राजा बख्त बुलंद शाह हा याच डोंगरातल्या देवगडचा गोंड राजा. मोहखेड तालुक्यात त्याचा किल्ला अजून उभा आहे. म्हणजे नागपूरही एका अर्थी आमच्याकडूनच खाली उतरलं.

सौसरच्या अलीकडे-पलीकडे संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची तोडणी चालू होती, रस्त्याकडेला क्रेट रचलेले, ट्रक उभे. एका बागेपाशी दहा किलो संत्री घेतली. ती बांधायला बॅगेवर जागा नव्हती, म्हणून झोपायची मॅट सोडून तिच्यातच गुंडाळली. आता ती लागणार नव्हती. ट्रिप संपल्याचं मला तेव्हा कळलं.

बोरगाव म्हणजे काही देखणं गाव नाही. औद्योगिक वसाहत, कारखान्यांच्या भिंती, शिफ्ट सुटली की सायकली आणि मोटारसायकलींची गर्दी. बाबांनी इथेच एका गिरणीत नोकरी केली. ऊन कलायच्या आत मी दारात होतो. आई म्हणाली, “आला का रे बाबा, काळा पडला किती.” बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. वाकून चेन बोटाने वर-खाली करून पाहिली. “ढिली झाली,” म्हणाले. झाली होती.

रात्री वांग्याचं भरीत, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि भाकरी. जेवण झाल्यावर मी विषय काढला. डॉक्टर, लिफ्ट, नातीचा सहवास, सगळे मुद्दे ओळीने मांडले, ऑफिसातल्या प्रेझेंटेशनसारखे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझी खोली चांगली हाये. पन तिथं मी दुकानात ‘मले’ म्हटलं की पोरगा हसते. वाईट नाही हसत. मंग इचारते, काका तुम्ही मूळचे कुठले? रोज कोनी ना कोनी इचारते. इथं मले कोनी इचारत नाही.”

एरवी याला मी उत्तर दिलं असतं. पण रामाकोन्याचे म्हातारे बाबा त्याच दिवशी दुपारी भेटले होते. ‘घरीच आला ना तू’ हे ऐकून मला जे वाटलं, ते बाबांना इथे रोज मिळतं. औषधासारखंच तेही त्यांना लागतं. ते सोडून या म्हणायचं तर त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे एक खोली होती.

मग आम्ही वेगळा हिशेब केला. तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी मी नागपूरला येणार. शेजारच्या काकांकडे फाईलची प्रत आणि गाडीवाल्याचा नंबर. हिवाळ्यात एक महिना मी इथूनच काम करणार, इंटरनेट चांगलं आहे. उन्हाळा बाबा पुण्याला काढणार. आणि नात दिवाळीची सुट्टी इथे. काळजी संपली का? नाही. रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होणारच आहे. पण दोघांनाही झोप लागेल असा हा मार्ग होता.

तुमच्यापैकी कोणी अशी ट्रिप आखत असेल तर एवढंच सांगतो. शेवटच्या दिवशी हायवेने सुसाट घरी येऊ नका. जिथून आपली भाषा सुरू होते तिथे गाडी थांबवा, चहा घ्या, कोणी विचारलं तर आपल्या बोलीत उत्तर द्या. घर कुठून सुरू होतं ते नकाशात दिसत नाही, ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बाबा अंगणात बसले होते. शेजारी पाना आणि ग्रीसचा डबा होता आणि गाडीची चेन ताणून झाली होती.