शुगरचा रकाना

आमची पहिली मेडिक्लेम पॉलिसी २०२० च्या जानेवारीत माझ्या दुकानाच्या काउंटरवर निघाली, सात-आठ मिनिटांत. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत वळलं की माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि प्रकाशकांची प्रुफं ही माझी रोजीरोटी. एजंट ओळखीचा होता, माझ्याकडूनच व्हिजिटिंग कार्डं छापून नेणारा. तो मोबाईलवर फॉर्म भरत होता आणि मी एका पत्रिकेतली तिथी पंचांगाशी ताडून पाहत होतो. मध्येच त्यानं विचारलं, "वहिनींना काही आजार?"

"शुगर आहे. गोळी चालू आहे."

"काहून लिहिता भाऊ? प्रीमियम वाढते, मेडिकल करा लागते. गोळीनं कंट्रोलमध्ये आहे न? मंग झालं."

माझ्या फोनवर ओटीपी आला, तो मी त्याला वाचून दाखवला. दिवसभर दुसऱ्यांच्या काना-मात्रा तपासणारा मी, स्वतःच्या घराचा फॉर्म एकदाही डोळ्यांखालून घातला नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात नागपुरात डेंगूनं कहर केला. आमच्या गल्लीतलं क्वचितच एखादं घर सुटलं असेल. सप्टेंबरात बायकोला ताप आला, चौथ्या दिवशी प्लेटलेट्स एकवीस हजारांवर उतरल्या. रात्री अकरा वाजता एका खासगी दवाखान्यात भरती केलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "आधीचा काही आजार?" ती अर्धवट ग्लानीत होती, तरी स्पष्ट बोलली, "शुगर आहे, सहा वर्षांपासून." डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं. चार दिवस ती आयसीयूत होती. देवाच्या कृपेनं सुखरूप घरी आली.

कॅशलेस नाकारलं गेलं. अठ्ठ्याहत्तर हजारांचं बिल मुलाच्या शिक्षणाची एफडी मोडून आणि भिशी आधी उचलून भरलं. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. फॉर्ममध्ये मधुमेहापुढे 'नाही' आणि केसपेपरवर 'सहा वर्षांपासून'. महत्त्वाची माहिती दडवली म्हणून दावा नामंजूर आणि पॉलिसी रद्द. डेंगूचा डास शुगर पाहून चावत नाही, असं मी फोनवर तावातावानं बोललो. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, प्रश्न डेंगूचा नाही, फॉर्मचा आहे.

पुण्याच्या विमा लोकपालांकडे एक पैसाही न भरता तक्रार करता येते, हे कळलं होतं. मी कागद जुळवायला बसलो आणि थांबलो. ओटीपी माझा होता. एजंटनं चुकीचं सांगितलं हे खरं, पण सही म्हणतात ती माझीच.

बायको एवढंच म्हणाली, "मी तर खरंच सांगितलं होतं." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

२०१६ पर्यंत मी एका छापखान्यात नोकरीला होतो. तिथे ग्रुप मेडिक्लेम होता. कोणी आजार विचारले नव्हते, कोणी रक्त तपासलं नव्हतं. नोकरी सोडली त्या दिवशी ते छत्र गेलं, आणि ते गेलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग दुकानदार म्हणून एकट्यानं विमा मागायला गेलो तर प्रश्नांची सरबत्ती का, हे मला फार उशिरा उमगलं. ग्रुपमध्ये धडधाकट आणि आजारी एकदमच येतात, त्यामुळे कंपनीचा हिशेब बसतो. एकटा माणूस येतो तेव्हा कंपनीला पहिली शंका हीच, की हा आजाराची चाहूल लागल्यावरच आलाय. शिंपी, रिक्षावाला, ट्यूशनवाली बाई, माझ्यासारखा डीटीपीवाला, आम्ही सगळे त्या शंकेचे पैसे भरतो.

याचं उत्तर आमच्या शेजारीच, सेवाग्रामला, फार पूर्वी एकदा शोधलं गेलं होतं. कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत आरोग्य विमा उभा केला तो ज्वारीवर. सुगीच्या वेळी प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गावातल्या बहुतेक घरांनी सामील व्हायचं. अख्खं गावच आत आलं की कोण आजारी, कोण धडधाकट हे विचारायचं कारण उरत नाही. ज्वारीच्या पोत्याला कोणी शुगर विचारत नाही. महालातल्या आम्हा दुकानदारांना असं काही जमवता आलं नाही, याची मला खंत आहे. आमच्या गल्लीत पंचवीस दुकानं आहेत. गणपतीची वर्गणी तीन दिवसांत जमते.

दुसरी पॉलिसी घ्यायला मी तीन वर्षं धजावलो नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात, सीझन उतरल्यावर, चार कंपन्यांची पॉलिसी वर्डिंग डाउनलोड करून छापून काढली आणि प्रुफं वाचतात तशी वाचायला बसलो. लाल पेन हातात, रोज रात्री दहा पानं. एक कलम मी तीनदा वाचलं. समजा खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे आणि आपण आठ हजारांची खोली घेतली. मला वाटत होतं, वरचे तीन हजार आपल्या खिशातून, बाकी कंपनीचे. तसं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. या खर्चांचे ऐंशी हजार झाले तर हातात पन्नासच येतात. बायकोला भरती करतानाची गडबड आठवली. तेव्हा कोणती खोली घेतली, हे मी पाहिलंही नव्हतं.

सगळ्यात स्वस्त पडत होती ती 'आरोग्य संजीवनी', २०२० पासून सगळ्या कंपन्या एकाच साच्यात विकतात ती. तिच्यात खोलीची मर्यादा आहे आणि प्रत्येक दाव्यात पाच टक्के आपले. तरीही ज्याला दुसरं काहीच झेपत नाही त्यानं ती घ्यावी, असं मी आज प्रत्येकाला सांगतो. मी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, पाच लाखांची फ्लोटर निवडली. त्यावर सुपर टॉप-अप चढवला. तो पाच लाखांच्या वरच्याच खर्चाला लागतो, म्हणून स्वस्त पडतो.

याच काळात कपाटातल्या पांढऱ्या रेशन कार्डाला किंमत आली. त्यावर आम्ही कधी धान्य उचललं नाही, पत्त्याचा पुरावा एवढाच त्याचा उपयोग. २०२४ च्या जुलैपासून महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आणि रक्कम दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली. मी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जाऊन योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर बसलो, कार्ड दाखवलं, काय बसतं काय नाही ते विचारून वहीत उतरवून घेतलं. योजनेत ठरलेले उपचार आहेत आणि ठरलेले दवाखाने, तापाच्या प्रत्येक भरतीला ती चालत नाही. पण मोठ्या ऑपरेशनची धास्ती बरीच कमी झाली. आई बहात्तरची. ऑक्टोबरात सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड निघालं. आईचे अंगठ्याचे ठसे भांडी घासून पुसट झालेत, मशीन घेईना. शेवटी चेहऱ्यावरून केवायसी झालं. आईला विकत विमा घ्यायचा तर माझी दोन महिन्यांची कमाई लागली असती.

नोव्हेंबरात फॉर्म भरला. या वेळी कॉम्प्युटरवर, दोघं शेजारी बसून. मधुमेहाच्या रकान्यात 'होय'. किती वर्षं? तिनं बोटांवर मोजून सांगितलं, नऊ. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, शेवटचा रिपोर्ट. एका कंपनीनं नाकारलं. दुसरीनं रक्त तपासायला माणूस घरी पाठवला. मग फोन आला, तो बायकोलाच. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. "मॅडम, तुम्हाला मधुमेह आहे का?" "आहे. नऊ वर्षांपासून. आणि हे आम्ही लिहिलेलं आहे." शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं.

हप्ता वाढवून लावला आणि शुगरशी संबंधित आजारांना तीन वर्षांची प्रतीक्षा. दोन्ही मान्य केलं. चोवीस हजार, वर अठरा टक्के जीएसटीचे चार हजार तीनशे वीस. गल्ल्यातून रोज ऐंशी रुपये काढून स्टीलच्या डब्यात टाकायला लागलो. त्या जीएसटीवर बोट ठेवलं होतं ते नागपुरातूनच. इथल्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं दिलेल्या निवेदनावरून नितीन गडकरींनी २०२४ च्या जुलैत अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर शून्य झाला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नूतनीकरणाचा कागद आला. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी लाल पेन घेऊन आधी तो वाचला. कराच्या रकान्यात शून्य. खाली, बायकोच्या नावापुढे, 'पूर्वीचे आजार' या मथळ्याखाली एकच ओळ: डायबेटिस मेलिटस. स्पेलिंग तपासलं, बरोबर होतं.